खाडीकाठची चित्रवही

मुंबईच्या पूर्वेस ठाण्याची खाडी आहे. तिच्या पश्चिम तीरावर मुंबई शहर वसले आहे आणि पूर्व तीरावर नवी मुंबई. १९७० साली सिडको या संस्थेची स्थापना झाली आणि आगरी व कोळी लोकांची गावे, भाताची खाचरे, खाजणे आणि मिठागरे असलेल्या या भूमीवर एक नवे नगर उभे राहू लागले. ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर ही पूर्वीची लहान गावे आज मोठ्या वस्त्या झाल्या आहेत. वाशीच्या पुलावरून रोज असंख्य माणसे कामधंद्यासाठी ये-जा करतात. ओहोटीच्या वेळी खाडीतील चिखल उघडा पडतो. हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत या चिखलावर दूर अंतरावर पुष्कळदा एक फिकट गुलाबी रेघ दिसते. ती रेघ म्हणजे रोहित पक्ष्यांचा प्रचंड थवा होय.

रोहित पक्ष्यास इंग्रजीत फ्लेमिंगो म्हणतात. मराठीत त्याला अग्निपंख असेही एक सुंदर नाव आहे. पंख मिटलेले असताना हा पक्षी फिकट दिसतो; परंतु तो उडू लागला की पंखांत दडलेला लाल रंग ज्वाळेसारखा उजळून निघतो. गेल्या सुमारे तीन दशकांपासून हे पाहुणे ठाण्याच्या खाडीत मोठ्या संख्येने येत आहेत. अलीकडील काही वर्षांच्या गणनेत त्यांची संख्या एक लाखाहून अधिक भरली आहे. जगातील एका मोठ्या महानगराच्या अगदी कुशीत एवढा पक्षिमेळा भरावा, ही सामान्य गोष्ट नाही.

प्राणी, वनस्पती, माती, पाणी आणि हवा यांचे परस्परांशी काय नाते आहे, याचा शोध घेणाऱ्या शास्त्रास परिस्थितिकी असे म्हणतात. या शास्त्राचा अभ्यासक खाडीवर येतो, तेव्हा त्याच्याजवळ दुर्बीण असते, कॅमेराही असतो. तथापि त्याच्या झोळीतील सर्वांत मोलाची वस्तू निराळीच असते. ती म्हणजे एक साधी वही आणि टोक काढलेली पेन्सिल. जे दिसले ते तो त्या वहीत लिहितो आणि जे लिहून पुरे होत नाही ते रेखाटतो.

येथे एक शंका सहजच मनात येते. कॅमेऱ्याने क्षणार्धात हुबेहूब छायाचित्र मिळत असता पेन्सिलीने चित्र काढण्याचे श्रम कशासाठी? छायाचित्राची थोरवी मोठीच आहे. परंतु छायाचित्र घेणाऱ्याने नीट पाहिलेच असेल, असे नाही. चित्र काढणाऱ्याला मात्र पाहिल्यावाचून गत्यंतर नसते. रेघ कोठून निघते, कोठे वळते आणि कोठे थांबते, हे ठरविल्याशिवाय हात पुढे सरकत नाही. प्रत्येक रेघेपूर्वी डोळ्यांना एक प्रश्न विचारावा लागतो आणि त्याचे उत्तर समोरच्या प्राण्याकडूनच मिळवावे लागते.

रोहिताचेच उदाहरण घेऊ. प्रथम त्याचे लांबसडक पाय काढावयाचे. पायाच्या मध्यावर एक सांधा दिसतो आणि तो मागच्या बाजूस वाकतो. पाहणाऱ्याला वाटते, या पक्ष्याचा गुडघा उलटा आहे! परंतु रेघेचा मागोवा घेत पाय शरीरापर्यंत नेला, म्हणजे खरी गोष्ट उमगते. मधला सांधा गुडघा नसून घोटा आहे. खरा गुडघा वर, पोटाच्या पिसांखाली झाकलेला असतो आणि तो आपल्या गुडघ्यासारखा पुढेच वाकतो. म्हणजे हा पक्षी जन्मभर चवड्यांवर उभा असतो!

पायांनंतर चोच. बहुतेक पक्ष्यांची चोच सरळ किंवा किंचित बाकदार असते. रोहिताची चोच मात्र मध्येच एकाएकी खाली मोडल्यासारखी वळते. तिचा खालचा भाग मोठा व खोलगट, तर वरचा भाग झाकणासारखा पातळ असतो. हे असे उलटे का? पक्षी खाताना पाहिला की कोडे सुटते. रोहित मान खाली घालून, डोके उलटे करून, चोच पाण्यात बुडवितो. त्या स्थितीत चोचीचा वरचा भाग खाली येतो आणि खालचा वर जातो. जाडजूड जीभ पिचकारीच्या दट्ट्याप्रमाणे मागेपुढे होऊन पाणी आत ओढते व बाहेर टाकते. चोचीच्या कडांना बारीक पट्ट्यांची गाळणी असते. पाणी निघून जाते आणि अन्न गाळणीत अडकून राहते. आपल्या घरात चहा गाळला जातो, त्याच तत्त्वावर हा पक्षी आपले पोट भरतो.

चोच काढताना आणखी एक भेद ध्यानात येतो. खाडीत दोन जातींचे रोहित असतात. मोठा रोहित उंच, पांढुरक्या अंगाचा. त्याची चोच गुलाबी व टोकाशी काळी असते. छोटा रोहित त्याहून बराच ठेंगणा, अधिक गडद रंगाचा. त्याची चोच काळपट तांबडी असते. मोठा रोहित बारीक कोळंबी, शिंपल्यांतील जीव, किडे इत्यादी खातो. छोट्या रोहिताचे मुख्य अन्न म्हणजे पाण्यातील अतिसूक्ष्म शेवाळ. एकाच चिखलात दोघेही सुखाने राहतात, याचे हे एक कारण आहे. दोघांची ताटे निराळी आहेत.

आता रंग भरावयाचा. पिल्लाचे चित्र काढणारा जर गुलाबी रंगाची वडी हाती घेईल, तर तो चुकेल. रोहिताचे पिल्लू करड्या रंगाचे असते. त्याच्या अन्नात जी रंगद्रव्ये असतात, ती शरीरात साठत जाऊन पुढे काही वर्षांनी पिसे गुलाबी होतात. गाजराला केशरी रंग देणारी द्रव्ये याच कुळातील आहेत. म्हणजे रोहिताचा रंग त्याला जन्मतः मिळालेला नसून तो त्याने खाडीकडून घेतलेला आहे. चिखलातील डोळ्यांनाही न दिसणारे शेवाळ आणि आकाशातील लालिमा यांचे असे नाते आहे. हे नाते समजले, म्हणजे परिस्थितिकी या शास्त्राचा पहिला धडा समजला.

चित्रवहीचे प्रत्येक पान काही रोहिताच्या वाट्याला येत नाही. खाडीकाठी तिवरांची दाट झाडी असते. तिवराच्या बुंध्याभोवती चिखलातून बोटांसारखी असंख्य मुळे वर आलेली दिसतात. चिखलात हवा नसते. म्हणून ही मुळे डोके वर काढून श्वास घेतात. तिवराच्या पानावर बोट फिरवून ते जिभेला लावले, तर ते खारट लागते. झाड खारे पाणी शोषते आणि नको असलेले मीठ पानांतून बाहेर टाकते. त्याच चिखलात निवटी नावाचा लहानसा मासा असतो. तो पाण्याबाहेर येतो, पुढच्या परांवर रेटा देत सरपटतो, प्रसंगी उड्याही मारतो. त्याचे डोळे डोक्याच्या अगदी वर असतात. कल्ल्यांच्या पोकळीत तो पाणी साठवून ठेवतो आणि ओलसर त्वचेतूनही श्वास घेतो. म्हणून चिखलावर तो बराच वेळ राहू शकतो. कोळ्यांच्या मुलांना निवटीचे बीळ कसे ओळखावे, हे शाळेत न जाताही ठाऊक असते. शहाणा अभ्यासक अशा मुलांकडूनही शिकतो आणि त्यांनी सांगितलेला शब्द आपल्या वहीत जसाच्या तसा टिपून घेतो.

शब्द टिपून ठेवणे हेही चित्र काढण्याइतकेच महत्त्वाचे आहे. ज्याला नाव नाही, त्याच्याविषयी बोलता येत नाही आणि ज्याच्याविषयी कोणी बोलत नाही, ते नाहीसे झाले तरी कोणाच्या ध्यानात येत नाही. हे मर्म मारुती चितमपल्ली यांनी जाणले होते. त्यांचा जन्म १९३२ साली सोलापूर येथे झाला. महाराष्ट्राच्या वनखात्यात त्यांनी दीर्घ काळ सेवा केली. पनवेलजवळचे कर्नाळा पक्षी अभयारण्य, विदर्भातील नवेगाव व नागझिरा आणि मेळघाटची व्याघ्रभूमी, ही त्यांची कर्मभूमी होती. रानात राहणारे आदिवासी, कोळी, पारधी यांच्याजवळ पक्ष्यांची, झाडांची व ऋतूंची जी नावे होती, ती त्यांनी आदराने गोळा केली. जेथे मराठीत शब्द नव्हता, तेथे त्यांनी तो घडविला. अनेक बगळे एकत्र घरटी करतात, त्या ठिकाणास त्यांनी सारंगागार असे नाव दिले. त्यांनी पक्षिकोश रचला आणि रानाविषयी अनेक रसाळ पुस्तके लिहिली. २००६ साली सोलापूर येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२५ साली त्यांना पद्मश्री हा सन्मान जाहीर झाला आणि त्याच वर्षी जून महिन्यात त्यांचे निधन झाले. वनातील माणूस साहित्याच्या व्यासपीठावर जाऊन बसला, तो या शब्दधनाच्या बळावर.

लेखणी आणि रेघ या दोहोंवर सारखेच प्रेम करणारे दुसरे साहित्यिक म्हणजे व्यंकटेश माडगूळकर. १९२७ साली जन्मलेल्या माडगूळकरांना कथाकार म्हणून सारा महाराष्ट्र ओळखतो. परंतु ते उत्तम रेखाटनकारही होते. रानात हिंडताना ते प्राण्यांच्या हालचाली मोजक्या रेघांत पकडीत. नागझिऱ्याच्या अरण्यात राहून त्यांनी जे पाहिले, त्यावर त्यांनी पुस्तक लिहिले. ‘सत्तांतर’ या त्यांच्या छोट्या कादंबरीत माणसे जवळजवळ नाहीतच. वानरांच्या टोळीत एका प्रमुखाची सत्ता जाऊन दुसऱ्याची कशी येते, याची ती कथा आहे. या पुस्तकास १९८३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांचे गद्यही त्यांच्या रेखाटनासारखेच आहे. त्यात एकही रेघ जास्तीची नसते.

लिहिण्यापूर्वी किती धीराने पाहावे लागते, याचा दाखला डॉ. सालिम अली यांच्या चरित्रात सापडतो. १९३० साली ते जर्मनीतील शिक्षण आटोपून मुंबईस परतले, तेव्हा त्यांना नोकरी नव्हती. ते अलिबागजवळच्या किहीम या गावी जाऊन राहिले. घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. त्या पावसाळ्यात ते रोज तासन् तास तेथे बसत आणि दिसेल ते लिहून ठेवीत. या पक्ष्यास मराठीने सुगरण असे स्त्रीलिंगी नाव दिले आहे; कारण इतके नीटनेटके घरटे कुशल गृहिणीच विणणार, असे लोकांना वाटले असावे. सालिम अलींच्या नोंदवहीने निराळीच हकिकत सांगितली. घरटे विणतो तो नर. घरटे अर्धे झाले की माद्या येऊन त्याची पाहणी करतात. एखादीला ते पसंत पडले, तर ती त्यात राहते. नर ते पुरे करतो आणि लागलीच दुसरे घरटे विणावयास घेतो! १९३१ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि जाणत्यांचे लक्ष त्यांच्याकडे वेधले गेले. पुढे १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील प्रसिद्ध पुस्तक निघाले. त्यातील रंगीत चित्रांमुळे आणि नेमक्या वर्णनामुळे सामान्य माणसाला दारातला पक्षी ओळखता येऊ लागला. चित्र आणि शब्द यांनी एकमेकांना कशी साथ द्यावी, याचा तो वस्तुपाठ ठरला.

परंतु अशा वहीचा उपयोग केवळ ज्ञानापुरताच आहे काय? नवी मुंबईतील रोहितांची हकिकत या प्रश्नाचे उत्तर देते.

अभ्यासक आपल्या वहीत पक्ष्यांच्या संख्येबरोबर तारीख, वेळ आणि भरती-ओहोटीही लिहितो. एका दिवसाच्या नोंदीवरून काही कळत नाही. महिनोन् महिने नोंदी केल्या, म्हणजे एक क्रम दिसू लागतो. ओहोटीच्या वेळी रोहित खाडीच्या उघड्या चिखलात चरतात. भरती आली की चिखल पाण्याखाली जातो आणि तेथे उभे राहणे कठीण होते. मग ते थव्याथव्याने उडून नेरूळ, बेलापूर या भागांतील उथळ तळ्यांवर विसाव्यास जातात. ओहोटी लागली की पुन्हा खाडीत. म्हणजे खाडी ही त्यांची भोजनशाला आणि तळी ही त्यांची विश्रांतिगृहे होत. एक राखून दुसरे बुजविले, तर पक्षी टिकणार नाहीत.

महाराष्ट्र शासनाने २०१५ साली ठाणे खाडीचा सुमारे १,६९० हेक्टर भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित केला. २०२२ साली या क्षेत्रास रामसर स्थळाचा मान मिळाला. पाणथळ जागांच्या रक्षणासाठी १९७१ साली इराणमधील रामसर या गावी अनेक राष्ट्रांनी एक करार केला; त्या करारान्वये ज्या स्थळांस जागतिक महत्त्व दिले जाते, त्यांना हे नाव आहे. तथापि नेरूळचे तळे अभयारण्याच्या सीमेबाहेर होते. त्यात खाडीचे पाणी येण्याचे मार्ग बंद झाले आणि २०२४ च्या उन्हाळ्यात ते कोरडे पडू लागले. त्या दिवसांत नेरूळ परिसरात काही रोहित मरून पडलेले आढळले. त्याच वर्षी २० मे रोजी रात्री घाटकोपरजवळ रोहितांच्या थव्याची एका विमानाशी टक्कर झाली आणि तीसहून अधिक पक्षी मृत्युमुखी पडले.

या घटनांनी पुष्कळांची मने हळहळली. परंतु केवळ हळहळीने तळ्यात पाणी येत नाही. या तळ्यावर पक्षी खरोखर येतात काय, किती येतात, केव्हा येतात, असे प्रश्न अधिकारी विचारतात आणि ते योग्यच असते. त्या वेळी ज्यांच्याजवळ वर्षानुवर्षांच्या नोंदी, छायाचित्रे व रेखाटने होती, त्यांच्या बोलण्यास वजन आले. नागरिकांनी व निसर्गप्रेमींनी हा विषय लावून धरला. अखेर २०२५ साली शासनाने त्या तळ्यास संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्याचे ठरविले. त्याच वर्षी नवी मुंबईच्या विमानतळाचेही उद्घाटन झाले. आता पक्षी कोणत्या वेळी, कोणत्या वाटेने उडतात, हे ठाऊक असणे पक्ष्यांच्याच नव्हे, विमानातील माणसांच्याही सुरक्षिततेसाठी आवश्यक झाले आहे.

येथे एक विचार करण्याजोगी गोष्ट आहे. खाडीत इतके शेवाळ का वाढते? शहराचे सांडपाणी खाडीत मिसळते आणि त्यातील द्रव्ये शेवाळाला खतासारखी पोसतात, हे त्याचे एक कारण अभ्यासक मानतात. म्हणजे आपल्या वस्तीची घाण हीच काही अंशी या पाहुण्यांची शिधासामग्री झाली! म्हणून ती खुशाल सोडत राहावी काय? नाही. कारखान्यांची विषारी द्रव्ये वाढली, तर तेच पाणी शेवाळाला, माशांना आणि अखेर पक्ष्यांना मारक ठरेल. निसर्गातील हिशेब असे गुंतागुंतीचे असतात. ते घाईने सोडविता येत नाहीत. म्हणूनच धीराने पाहणारी व प्रामाणिकपणे लिहिणारी माणसे समाजाला हवी असतात.

अशी वही करण्यास वय आड येत नाही, की पैसाही लागत नाही. घराच्या खिडकीतून दिसणारा कावळा, अंगणातील खार, शाळेच्या भिंतीवरील पाल, यांपासून आरंभ करता येतो. नियम थोडे आहेत. पानाच्या माथ्यावर तारीख, वेळ व ठिकाण लिहावे. जे डोळ्यांनी पाहिले, ते एका बाजूस लिहावे. जे वाटले, ते दुसऱ्या बाजूस. दोहोंची गल्लत करू नये. चित्र वाकडे आले तरी पान फाडू नये. कारण पुढच्या चित्रातील सुधारणा त्याच पानामुळे कळते. आणि प्राण्याला भिववून किंवा घरट्याला हात लावून कधीही चित्र काढू नये. चित्रासाठी पक्षी घरटे सोडून गेला, तर ते चित्र फार महागात पडले, असे समजावे.

रोहित पावसाळ्याच्या तोंडाशी खाडी सोडतात. त्यांच्यापैकी पुष्कळ गुजरातकडे जातात. कच्छच्या रणात ते चिखलाचे उंचवटे रचतात आणि प्रत्येक उंचवट्यावर मादी बहुधा एकच अंडे घालते. पावसाळा सरला की करड्या रंगाची नवी पिढी पंखांत बळ घेऊन उडू लागते. ती पिढी ठाण्याच्या खाडीवर येईल, तेव्हा तिला चिखल, तिवरे आणि तळी जागच्या जागी सापडली पाहिजेत. ती सापडावीत, याची काळजी वाहणाऱ्यांत उद्या आजच्या विद्यार्थ्यांचाच समावेश असणार आहे. आज भरलेले वहीचे एक पान त्या दिवशी साक्ष देण्यास उपयोगी पडेल.

अभ्यास

१. रोहिताचा गुडघा उलटा आहे, असे पाहणाऱ्याला का वाटते? खरी गोष्ट कोणती?
२. मोठा रोहित आणि छोटा रोहित यांच्यातील भेद सांगा.
३. सुगरण या नावाविषयी सालिम अलींच्या नोंदवहीने कोणती निराळी हकिकत सांगितली?
४. ‘खाडी ही त्यांची भोजनशाला आणि तळी ही त्यांची विश्रांतिगृहे होत.’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
५. पुढील शब्दांचा आपल्या वाक्यांत उपयोग करा : गत्यंतर नसणे, मागोवा घेणे, वस्तुपाठ, लावून धरणे.
६. घराजवळच्या एखाद्या पक्ष्याचे सात दिवस निरीक्षण करा. रोज एक रेखाटन काढून त्याखाली चार ओळी लिहा.